उपासाची बिअर आणि मेचा खांब

नमस्कार श्रोतेहो.

जर्मनीतला बिअरचा उत्सव म्हटलं की आपल्याकडे एकच नाव घेतलं जातं, ऑक्टोबरफेस्ट. तो शरदातला सण. १८१० साली बव्हेरियाच्या, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेकडच्या प्रांताच्या, युवराजाचं लग्न झालं, त्या निमित्ताने घोड्यांच्या शर्यती लागल्या आणि त्यातून तो म्युनिकमध्ये सुरू झाला. आज मी बोलणार आहे ते त्याच म्युनिक शहराच्या वसंताबद्दल. तिथे वसंतात एक सण नसतो, सणांची माळच असते. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, ती सुरू होते, ईस्टर ओलांडते, २३ एप्रिलला संत जॉर्जच्या दिवशी एक वळण घेते आणि १ मेला गावच्या चौकात उंच खांब उभा राहिला की पुरी होते.

जर्मन शिकवण्याच्या निमित्ताने मी म्युनिकला राहिले आहे. बिअरचा घोटही न घेता हा सगळा काळ पुरेपूर अनुभवता येतो, आणि मी तो तसाच अनुभवला. त्या लोकांनी ऋतूचं भान फार जिवापाड सांभाळलं आहे, आणि आज मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे ते तेच.

आधी बिअरचा आणि ऋतूचा संबंध काय ते सांगते. सातू भिजवायचा, त्याला मोड आणायचे, मोड आले की ते भट्टीत वाळवायचे. हा झाला माल्ट. तो भरडून गरम पाण्यात मुरवायचा, गोड पाणी गाळून घ्यायचं, त्यात हॉप नावाच्या वेलीची कडसर बोंडं घालून उकळायचं आणि निवल्यावर यीस्ट घालायचं. बव्हेरियातलं यीस्ट तळाशी बसून सावकाश काम करणारं. त्याला गारवा लागतो, साधारण आठ-दहा अंशांचा. उन्हाळ्यात पिंपं तापली की भलतेच जंतू शिरायचे आणि सगळा माल आंबून फुकट जायचा. शिवाय लाकडी घरांच्या दाट वस्तीत, कोरड्या हवेत, मोठमोठ्या भट्ट्या पेटवायच्या म्हणजे आगीची टांगती तलवार. म्हणून १५५३ साली बव्हेरियाच्या ड्यूकने हुकूमच काढला की बिअर गाळायची ती २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात. पुढचे पाच महिने भट्ट्या बंद.

म्हणजे बघा, आपल्याकडे पाऊस सुरू होण्यापूर्वी जशी सगळी घाई असते, तशी तिथे मार्च-एप्रिलमध्ये असायची. पाच महिने टिकेल असा माल याच दिवसांत तयार करायचा. तो जरा जास्त कडक ठेवायचा आणि खोल तळघरात उतरवायचा. वसंतातल्या उत्सवाचं मूळ या हंगाम-समाप्तीत आहे.

या २३ एप्रिललाच आणखी एक मान आहे. १५१६ साली याच दिवशी इंगोलश्टाट गावी बव्हेरियाच्या दोन ड्यूक-बंधूंनी ते प्रसिद्ध फर्मान काढलं, की बिअरमध्ये सातू, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही घालायचं नाही. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा कोणाला उमगलेलंच नव्हतं. लोक या फर्मानातल्या शुद्धतेचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण त्या कागदाची सुरुवात होते ती भावापासून. हिवाळ्यात एक मास, म्हणजे साधारण लिटरभर बिअर, एका फेनिगला, म्हणजे तिथल्या एका छोट्या नाण्याला. उन्हाळ्यात दोन फेनिगच्या वर एक छदामही घ्यायचा नाही. सामान्य माणसाच्या खिशाची काळजी कायद्यात लिहून ठेवली होती. ती मोडली की काय होतं तेही म्युनिकने पाहिलं. १८४४ च्या मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी बिअरचा भाव वाढला आणि शहरात दंगल उसळली. राजा पहिला लुडविग याला भाव उतरवावा लागला. जर्मनीत १९९४ पासून २३ एप्रिल हा जर्मन बिअरचा दिवस म्हणून पाळतात.

आता उपासाची गोष्ट. मला सगळ्यात प्रिय असलेली.

ख्रिस्ती लोकांचा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आपल्या वसईच्या आणि गोव्याच्या श्रोत्यांना परिचयाचा आहे. आणि बाकीच्यांना उपास म्हणजे काय हे मी काय सांगावं! एकादशीला भगर चालते का, भेंडी चालते का, कोथिंबीर आमच्याकडे चालते पण तुमच्याकडे नाही, ही चर्चा घरोघरची. तीच चर्चा युरोपातल्या मठांमधून शतकानुशतकं झाली आणि तिचा एक निकाल असा लागला की द्रवाने उपास मोडत नाही. आपण लगेच म्हणू, एकादशी दुप्पट खाशी! पण म्युनिकच्या पाउलानर साधूंच्या बाबतीत तसं म्हणणं अन्यायाचं होईल. इटलीतल्या पाओला गावच्या संत फ्रान्सिसने पंधराव्या शतकात हा पंथ स्थापला. त्याचा नेमच असा कडक की मांस, अंडी, दूध, लोणी हे बाराही महिने वर्ज्य. त्यात उपवासकाळ आला की जेवण आणखी आखडायचं. बाहेर बर्फ, आत दगडी मठ आणि दिवसभराचं काम. अशा वेळी सातूचा घट्ट, पोटभरीचा काढा त्यांना तगवून धरत असे.

हे साधू १६२७ साली म्युनिकजवळच्या आऊ या वस्तीत, नॉयडेकच्या मठात आले. १६३४ साली शहरातल्या बिअरवाल्यांनी नगरसभेकडे तक्रार केली की हे साधू आमच्या धंद्यात शिरताहेत. तो तक्रारअर्ज हाच त्यांच्या भट्टीचा पहिला लेखी पुरावा, आणि आजची पाउलानर कंपनी आपलं वय त्या सालापासून मोजते. संत फ्रान्सिसची पुण्यतिथी २ एप्रिल, म्हणजे बहुधा ऐन उपवासकाळात येणारी. त्या दिवसासाठी साधू खास कडक बिअर गाळत आणि गावातल्या लोकांनाही देत. तिला आधी संतपित्याची बिअर म्हणत. पुढे साल्वाटोर हे नाव रूढ झालं, म्हणजे तारणहार.

एक दंतकथा आजही सांगतात. या बिअरला उपासात परवानगी असावी का, हे ठरवण्यासाठी एक पिंप रोमला पोपकडे पाठवलं. आल्प्स ओलांडून, उन्हातान्हात हेलकावे खात ते पोचेपर्यंत आतला माल पार आंबला. पोपने चव घेतली आणि म्हणाला, हे पिणं हेच मोठं प्रायश्चित्त आहे, खुशाल पिऊ द्या त्यांना. खरं-खोटं देव जाणे.

इतिहासात नोंद आहे ती ब्रदर बार्नाबास यांची. १७७० च्या दशकात मठाची भट्टी त्यांच्याकडे आली आणि त्यांनी ही बिअर आज आपण ओळखतो त्या रूपाला आणली. १७८० साली बव्हेरियाचा राज्यकर्ता कार्ल थिओडोर याने मठाला खुल्या विक्रीची परवानगी दिली. वर्षाचा पहिला मग राज्यकर्त्याच्या हाती द्यायचा आणि लॅटिनमध्ये म्हणायचं, साल्वे पातेर पात्रिए, बिबास प्रिन्चेप्स ऑप्टिमे. म्हणजे देशाच्या पित्या, प्रणाम. हे उत्तम राज्यकर्त्या, प्राशन कर. राजे गेले. आता तो पहिला मग बव्हेरियाच्या मुख्यमंत्र्याला देतात, पण शब्द तेच ठेवले आहेत.

१७९९ मध्ये मठ बरखास्त झाला. पुढे त्साखर्ल नावाच्या उद्योजकाने भट्टी आधी भाड्याने आणि मग विकत घेतली. साल्वाटोर इतकी चालली की गावातला जो तो आपल्या कडक बिअरला तेच नाव लावू लागला. शेवटी १८९६ साली ते नाव कायद्याने राखीव झालं. मग इतरांनी नुसता शेवट ठेवला. ऑप्टिमाटोर, ट्रियुम्फाटोर, मॅक्सिमाटोर, सेलेब्राटोर अशी ही सगळी भावंडं आज उपवासकाळात दुकानात ओळीने मांडलेली दिसतात.

या हंगामाचं मुख्य ठाणं म्हणजे ईझार नदीच्या उंच काठावरची नॉकहेरबेर्ग ही टेकडी. तिथल्या मोठ्या सभागृहात लांबच लांब बाकं, दगडी मातीचे करडे, जाड मग, पितळी वाद्यांचा ताफा. बिअर दिसायला तांबूस-तपकिरी, वासाला भाजलेल्या पावाच्या कडेसारखी. आणि पहिल्या दिवशी समोरच्या रांगेत कोण बसलेलं असतं? मुख्यमंत्री, मंत्री, विरोधी पक्षनेते, महापौर. व्यासपीठावर एक कलावंत येतो, २०१० पर्यंत तो साधूच्या वेशात, ब्रदर बार्नाबास म्हणून उभा राहायचा, आणि पुढचा पाऊण-एक तास या सगळ्यांची नाव घेऊन खरडपट्टी काढतो. कोणी काय आश्वासन दिलं होतं, कोणाचा कोणता घोटाळा झाला, कोण कोणाच्या खुर्चीकडे बघतोय, सगळं तोंडावर. बव्हेरियाच्या दूरदर्शनवर ते थेट दाखवतात. कॅमेरा बोलणाऱ्यावर असतो तितकाच ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर असतो, आणि मंत्रिमहोदयांना हसत बसावंच लागतं. अशा भाषणांची रीत १८९१ पासूनची. म्युनिकमध्ये म्हणतात की ज्याच्यावर टीका झाली तो वाचला. ज्याचं नावच घेतलं नाही, त्याने आपलं राजकारण संपलं असं समजावं.

मला हे दृश्य नेहमी अंतर्मुख करतं. उपवासकाळ हा आपल्या चुका कबूल करायचा काळ. सत्तेतल्या माणसांनी वर्षातून एकदा गप्प बसून आपल्या चुका ऐकून घ्यायच्या, ही धर्मातली कल्पना त्यांनी बिअरच्या हॉलमध्ये जिवंत ठेवली आहे. तिलाही मर्यादा आहेत. २०१० साली अशाच भाषणात नाझी छळछावणीची आठवण करून देणारं एक वाक्य आलं. ज्यू समाजाकडून तीव्र आक्षेप आला आणि त्या कलावंताने ती भूमिका सोडली. पुढच्याच वर्षी व्यासपीठावर साधूऐवजी एक स्त्री आली, बव्हेरियाची माता म्हणून. लुइझे किनझेअर या अभिनेत्रीने अनेक वर्षं ती भूमिका गाजवली. आई लेकरांचे कान धरते तसे तिने मंत्र्यांचे कान धरले.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. साल्वाटोरमध्ये ७.९ टक्के मद्यार्क असतो, नेहमीच्या बिअरमध्ये साधारण पाच. मठात ती अर्धपोटी माणसांचं अन्न होती. भरल्या पोटी, लिटरच्या मगाने ती पिणं यात काही परंपरा नाही, आणि म्युनिकमधलीच जाणती माणसं हे बजावून सांगतात.

आता तळघरांकडे वळू या, कारण खरी लोकपरंपरा तिथे आहे.

मार्चमध्ये गाळलेली बिअर उन्हाळाभर थंड राहावी म्हणून नदीच्या उंच काठात खोल तळघरं खणली. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आत भरला. वर जमिनीवर सावली हवी, म्हणून चेस्टनटची झाडं लावली. या झाडाची पानं हाताच्या पंजाएवढी रुंद आणि मुळं फार खोल न जाणारी, त्यामुळे तळघराच्या छताला धोका नाही. जमिनीवर खडी पसरली. झालं, सावली आहे, खाली गार बिअर आहे, मग लोक तिथेच येऊन बसू लागले. गावातले खानावळवाले चिडले, की आमचं गिऱ्हाईक पळवलं. हा वाद राजाकडे गेला आणि ४ जानेवारी १८१२ रोजी राजा मॅक्स योझेफने निवाडा दिला. बिअरवाल्यांनी उन्हाळ्यात तळघरावर बिअर विकावी, सोबत पाव द्यावा. दुसरं कुठलंही खाणं विकू नये. लोकांनी त्यातून आपली वाट काढली. ते घरून डबा घेऊन येऊ लागले.

श्रोतेहो, तो हक्क आजही शाबूत आहे. झाडांखालच्या या जागेला बिअरगार्टन, म्हणजे बिअरची बाग, म्हणतात. तिथे पेय तिथलं घ्यायचं, खाणं तुमचं. एप्रिलमध्ये ऊन पडलं की आजी-आजोबा, मुलं, ऑफिसातली माणसं टोपल्या घेऊन येतात. आधी चौकटीचं कापड अंथरतात. मग मुळा निघतो, आपल्या मुळ्यासारखाच लांब पांढरा. तो सुरीने एका सलग गुंडाळीत असा चिरतात की ओढला तर स्प्रिंगसारखा लांब होतो. त्याच्या फटीफटीत मीठ घालतात आणि पाणी सुटेपर्यंत थांबतात. याला ते मुळा रडवणं म्हणतात. शेजारी ब्रेत्सेल हा गाठीच्या आकाराचा खारा पाव, कांदा, लोणी-चीज-पेपरिका कालवून केलेलं ओबाझ्डा. म्युनिकमध्ये आज पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत, आणि ती याच टेबलांवर धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी काढून बसतात. कोणी भुवई उंचावत नाही. उलट बाजूचे अनोळखी आजोबा मुळ्याची फोड पुढे करतात आणि धपाट्याचा तुकडा मागून घेतात. मुलांसाठी सफरचंदाचा रस सोडा घालून मिळतो. बड्या हुद्द्याचा माणूस आणि रस्ता झाडणारा एकाच बाकावर बसतो, कारण जागा राखून ठेवायची पद्धतच नाही.

या हक्कासाठी लोक रस्त्यावरही आले आहेत. म्युनिकच्या दक्षिणेला पुलाखजवळच्या एका जुन्या बिअरगार्टनविरुद्ध शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली आणि कोर्टाने ते रात्री साडेनऊलाच बंद करायला सांगितलं. १२ मे १९९५ रोजी २० हजारांहून अधिक माणसांनी शहरात मोर्चा काढला. त्यातून जी नियमावली आली, तिच्यात खाणं घरून आणता येणं हे पारंपरिक बिअरगार्टनचं लक्षण म्हणून सरकारने लिहून दिलं. गाणी रात्री दहाला बंद, अकराला सगळी जागा रिकामी. शेजाऱ्यांची झोपही राखली आणि लोकांची बाकंही.

मला वाटतं, आपल्याकडच्या मोठ्या हॉटेलांतून जेव्हा जर्मन उत्सव भरतो, तेव्हा नेमकं हेच सुटतं. तिकीट महाग, बाहेरचं खाणं आणायला बंदी, कर्कश संगीत. पोशाख आणि मग तेवढे तिथले येतात. घरचा डबा, अनोळखी शेजारी आणि परवडणारी जागा हे दारातच अडतं.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. थंडावा यंत्राने मिळू लागल्यावर हे सगळं संपायला हवं होतं ना? तसं म्हणाल तर ती यंत्रंही म्युनिकचीच. कार्ल लिंडे नावाच्या तिथल्या प्राध्यापकाने १८७० च्या दशकात शीतयंत्र बनवलं आणि ते आधी बसवलं श्पाटेन या बिअरच्या कारखान्यात. आपल्या घरातला फ्रिज त्याच घराण्यातला. त्या दिवसापासून बर्फ, तळघर, चेस्टनट, २३ एप्रिल यांपैकी कशाचीच गरज उरली नाही. बारा महिने हवी ती बिअर गाळता येते. तरीही साल्वाटोरचं पहिलं पिंप उपवासकाळातच समारंभाने फोडतात, मेची फिकट सोनेरी कडक बिअर मे जवळ आला की काढतात, आणि झाडांना पालवी फुटली की बाकं बाहेर मांडतात. गरज संपल्यावरही वेळापत्रक पाळणं यालाच मी वारसा म्हणते. आंबा बारा महिने डब्यात मिळायला लागला म्हणून आपण अक्षय्य तृतीयेची वाट बघणं सोडलं का?

याच दिवसांत म्युनिकच्या उत्तरेला हालरटाऊच्या शेतांत चला. जगातला हॉपच्या लागवडीचा सगळ्यात मोठा सलग पट्टा तो. सात मीटर उंचीच्या तारा, आणि जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब. प्रत्येक वेलीचे दोन-तीनच जोमदार कोंब निवडायचे आणि हाताने तारेभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचे. उलटे गुंडाळले तर वेल धरत नाही, सुटून पडतो. हे काम अजूनही वाकून, हातानेच होतं. बिअरच्या उत्सवात या कामगारांचं नाव क्वचित निघतं, म्हणून मी ते इथे मुद्दाम घेतलं.

आणि शेवटी मेचा खांब. मायबाउम. स्प्रूसचं सरळसोट खोड, कधी तीस मीटर लांबीचं. साल काढून, तासून ते पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांनी रंगवतात. वर हिरवा तुरा आणि हार, दोन्ही बाजूंना गावातल्या धंद्यांच्या पाट्या: सुतार, लोहार, पाववाला, बिअरवाला. खांब उभा राहण्याआधी शेजारच्या गावाने तो पळवायचा, हा रिवाज. म्हणून गावातली पोरं रात्र रात्र जागून पहारा देतात. पळवलाच, तर पोलिसांत जायचं नाही. वाटाघाटी करायच्या आणि खंडणी द्यायची ती बिअर आणि खाण्याच्या रूपात. खांब कापायचा नाही, त्याला इजा करायची नाही, आणि पहारेकऱ्याने खांबाला हात लावून ठेवला तर चोरांनी मागे फिरायचं. २००४ मध्ये जर्मनीतल्या सगळ्यात उंच शिखरावरून, त्सुगश्पिट्झवरून, काही बहाद्दरांनी असा खांब चक्क हेलिकॉप्टरने उचलून नेला होता.

१ मेला तो उभा करतात, शक्यतो हाताने. लांब काठ्यांच्या जोड्या टोकाशी बांधून कैच्या केलेल्या असतात. त्या खोडाखाली लावायच्या आणि म्होरक्याने हाक दिली की सगळ्यांनी एकदम रेटायचं. वीतभर वर, थांबा, काठ्या बदला, पुन्हा हाक. यात तास-दोन तास सहज जातात. एक काठी घसरली तर माणसं चिरडतील, म्हणून त्या हाकेशिवाय चौकात कोणी बोलत नाही.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, मुलगी त्या बाजूला शिकायला असेल आणि तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल, तर तिकीट एप्रिलच्या शेवटाचं काढा. म्युनिकच्या मधोमध व्हिक्टुआलियनमार्क्ट या मंडईत खांबाशेजारीच बिअरगार्टन आहे. तिथे शहरातल्या सहा कारखान्यांची बिअर पाळीपाळीने येते. बिनकापडाचं टेबल बघून डबा उघडा. कापड घातलेलं टेबल हे हॉटेलच्या जेवणासाठी असतं. खांब उभारताना बघायचा असेल तर मात्र शहराबाहेरचं एखादं गाव गाठा आणि आधी चौकशी करून जा, कारण एका गावात नवा खांब दर काही वर्षांनीच उभा राहतो. सकाळी लवकर पोचा, काठ्या धरायला माणसं कमी पडली तर पाहुण्यांनाही हाक मारतात.

नमस्कार.